आग्रा रोडवरची उभी गाडी

२२ मार्च, रविवार

मोडीत निघालेली एस.टी. गाडी आज आली. ट्रेलरवर बसून आली, स्वतःच्या चाकांवर नाही, एवढंच मनाला लागलं. क्रेनवाल्याने तिला वावराच्या बांधाशी, आग्रा रोडकडे तोंड करून ठेवलं आणि चहा पिऊन तो निघून गेला. इंजिन नाही, बॅटरी नाही. स्टेअरिंग, गिअरचा दांडा आणि बाकडी मात्र जागच्या जागी आहेत. भंगारवाला म्हणाला की गाडी कापू नको म्हणून हात जोडणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं.

एकतीस वर्षं मी एस.टी. चालवली, त्यातली बरीचशी याच रोडने, धुळे ते सेंधवा आणि परत. रोड चौपदरी झाला तेव्हा सोनगीरच्या पुढचं आमचं वळण सरळ कापलं गेलं. आता मोठ्या गाड्या दोन वावरं पलीकडून जातात आणि जुन्या तुकड्यावर लोक मका वाळवतात. तरी इंदूरहून शिर्डीला निघालेली माणसं डबा खायला इकडे वळतात, कारण जुन्या चिंचा अजून उभ्या आहेत. त्यांच्याच सावलीत माझी गाडी. माणसाने आत बसायचं, कुठे जायचं ते सांगायचं, कंडक्टरने तिकीट द्यायचं आणि मी गाडी चालवायची. म्हणजे स्टेअरिंग फिरवायचं आणि रस्ता तोंडाने सांगायचा. वळणन् वळण पाठ आहे माझं.

बायको, कोकिळा, म्हणाली, लोक निवृत्त झाल्यावर काशीला जातात. मी म्हटलं, बसलीस तर तिथेही नेईन. ती भाकरी थापायला निघून गेली.

२ एप्रिल, गुरुवार

कंडक्टर म्हणून उखर्डूभाऊला धरलं आहे. आम्ही दोघांनी बारा वर्षं एका गाडीवर काढली. प्रेसमधून जुन्यासारखी तिकिटं छापून घेतली, गावाची जागा कोरी. पैशांसाठी दाराशी डबा ठेवलाय, ज्याला जे टाकायचं ते टाकावं.

आज मात्र फजिती झाली. नरडाण्याकडच्या एका वऱ्हाडाचा टेम्पो वळणावर बंद पडला. लाल गाडी दिसताच सगळे धावत सुटले. खिडक्यांतून रुमाल पडले, टोप्या पडल्या, एकाने तर जागा धरायला आपलं पोरगंच आत सोडलं. दोन बायांची खिडकीवरून जुंपली. मी सीटवरच होतो. एक आजी पुढे येऊन गाडी कव्हय सुटी म्हणून विचारू लागल्या. इंजिन नाही हे कुणी पाहिलंच नाही. लाल गाडी दिसली की आपल्या माणसाचा हात आधी रुमालाकडे जातो, डोळे नंतर उघडतात.

उखर्डूने समजावल्यावर थोडे चिडले, थोडे हसले. मग नवरदेवाचा मामा म्हणाला, बसलोच आहोत तर इंदूरला न्या. नेलं. बिजासनीच्या घाटात मी डावीकडे वळलो तर अख्खं वऱ्हाड उजवीकडे झुकलं. दुसरा टेम्पो आला तरी उतरेनात.

कोकिळेने हे सगळं ओट्यावरून पाहिलं. रात्री तिने वाटीत जास्तीचं तूप घातलं.

१७ एप्रिल, शुक्रवार

परवा अक्षय्य तृतीया, आमची आखाजी. लेकी माहेरी येणार, लिंबांना झोके बांधून झाले. मोनालीला आणायला भाऊ जायला हवा, पण तिला भाऊ नाही, म्हणून दर वर्षी मुराळी मीच. आज भडगावला जाऊन तिला घेऊन आलो. लग्नाला सहावं वर्ष लागलंय.

व्याही तोतारामनानांनी ऊस कापून दिला, आग्रहाने जेवू घातलं. देवमाणूस. जावई हितेंद्र दारात मोबाईल बघत उभे होते. मितभाषी आहेत. मला अशी माणसं आवडतात, प्रवासात बडबड करणाऱ्याने मला कायम वात आणला.

पण आजकालच्या पोरींना सामान बांधता येत नाही हे खरं. आठ दिवसांसाठी दोन बॅगा आणि एक पोतं. स्वेटर आणलाय. एप्रिलमध्ये. शाळा-कॉलेजच्या सर्टिफिकेटांची फाईल आणली आहे आणि स्वतःची उशीसुद्धा. मी चेष्टा केली की भिंती तेवढ्या राहिल्या. ती हसली नाही. गाडी भडगावच्या बाहेर पडेपर्यंत खिडकीबाहेरही बघितलं नाही तिने. उन्हाने डोकं दुखत असणार.

२३ एप्रिल, गुरुवार

आखाजी छान झाली. गौराईची गाणी तीन दिवस कानात घुमली. मोनाली झोक्यावर बसली ती उतरायलाच तयार नव्हती, शेजारच्या पोरी रागावल्या.

उखर्डूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. कंडक्टर गेला. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. तर मोनालीच म्हणाली, तिकिटांची पेटी माझ्याकडे द्या. गळ्यात पट्टा अडकवला, तिकिटाला भोक पाडायचा चिमटा टकटक केला आणि दारात अशी उभी राहिली की जन्मभर हेच करतेय. म्हटलं, चार दिवस मदत होईल, मग तिला भडगावला सोडून येऊ.

१ मे, शुक्रवार

सुट्टीमुळे दिवसभर गर्दी. ऊन इतकं की टपावर पोती ओली करून टाकली. गाडीच्या पोटाखाली शेळ्या बसतात, त्यांना हाकलून मी थकलो. मोनाली म्हणते, बसू द्या, त्यांनाही सावली लागते.

पोरगी माणसांशी फार छान बोलते. कुणालाही सरळ तिकीट देत नाही. आधी विचारते, कुठे जायचंय? तिथे कोण आहे? मग मला ओरडून सांगते आणि मी त्या माहितीसकट गाडी काढतो. शिरपूरचे एक बाबा आले होते, काठीवाले. म्हणाले, "कोठे बी चाल, पण खिडकी दे." मोनालीने त्यांच्याकडून गाव काढून घेतलंच. पळासनेर. बायकोचं माहेर. बायको जाऊन वर्ष झालं होतं. मी जुन्या रोडने नेलं, मध्ये चहाला थांबवलं, आणि पळासनेर आल्यावर बाबा खरोखर पिशवी उचलून उभे राहिले. मग आपणच हसले आणि मोनालीच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

हितेंद्ररावांचा फोन मोनालीला आणि कोकिळेला, दोघींपैकी कुणालाच आलेला दिसत नाही. कामात असतील. केळीच्या कापणीचे दिवस आहेत.

६ मे, बुधवार

एक विचित्र गोष्ट. पाचोऱ्याचं एक जोडपं आलं, त्यांनी भडगाव मागितलं. मोनाली म्हणाली, तो रूट बंद आहे. मी वळून सांगितलं की भडगाव मला तोंडपाठ आहे. तर म्हणाली, बंद आहे म्हणजे बंद, दुसरं गाव सांगा. त्यांनी मुकाट्याने शेगाव घेतलं.

नंतर तिला शिकवायला बसलो. धुळं, फागणे, मुकटी, पारोळा, पुढे भडगाव. रस्ता माहीत नसेल तर कंडक्टरने नाही म्हणू नये, ड्रायव्हरला विचारावं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं विसरलो.

संध्याकाळी उखर्डू डोळ्याला हिरवी पट्टी लावून आला होता. एका डोळ्याने मोनालीकडे बराच वेळ बघत बसला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "मोतीभाऊ, पोर आठ दिनकरता उनी शे का कायमनी, ते एकदाव इचारी ले." मी म्हटलं, औषधाची गुंगी उतरली नाही वाटतं तुझी.

१२ मे, मंगळवार

आज भांडण झालं, म्हणून सविस्तर लिहितो.

मी सकाळी म्हटलं की महिना होत आला, लोक विचारतात, शनिवारी मी मोनालीला सोडून येतो. मोनाली पाण्याला गेली होती. कोकिळेने हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"सात महिना व्हयनात," ती म्हणाली. "जवाई तिनासंगे एक शबद बोलत नही."

दिवाळीपासून. काय झालं होतं? तर पोरीने गावातल्या इंग्रजी शाळेत शिकवायला जाऊ का म्हणून विचारलं होतं, आणि हितेंद्रराव नको म्हणाल्यावर दुसऱ्यांदा विचारलं. बस. तेव्हापासून अबोला. चहा पाहिजे तर आईला सांगतो, आई हिला सांगते. हिने काही विचारलं तर खिडकीबाहेर बघतो. ताप आला तेव्हाही नाही बोलला. मोनालीने आधी हातापाया पडून पाहिलं, मग ती भिंतींशी बोलायला लागली आणि एक दिवस तिची तीच घाबरली.

मला खरंच कळलं नाही यात एवढं काय. मी म्हटलं, "मारस का तो? दारू पेस का? मंग काय?"

"मारता ते तुम्हले पटतं तरी," कोकिळा म्हणाली.

मी म्हटलं, माझ्या गाडीत कायम पाटी होती, चालकाशी बोलू नये. माणसं मुक्कामाला पोचायचीच ना. तर म्हणाली, तीच पाटी तुम्ही घरी आणून लावलीत, मला सवय झाली, पोरीला होणार नाही. आणि तिने लाटणं उचललं.

कुठल्या गोष्टीची गाठ कुठे मारतात या बायका. दिवसभर मी गाडीत बसून होतो. प्रवासी आले, गेले. मोनाली नेहमीसारखी हसत होती. हसणारी मुलगी दुःखी असेल असं कसं मानायचं? रुसवा आहे झालं. नवरा-बायकोचा रुसवा तिसऱ्याने मधे पडून मोडायचा असतो.

१९ मे, मंगळवार

उपाय सापडला. धोंड्याचा महिना लागला आहे. तीन वर्षांतून एकदा येतो आणि जावयाला बोलावून वाण द्यायची आपल्यात रीतच आहे. देवाच्या मनात होतं म्हणूनच यंदा आला. तोतारामनानांना फोन केला, ७ जूनचा रविवार ठरला. दोघे गाडी करून येतील, जेवतील, वाण घेतील आणि मोनालीला घेऊन जातील. नानांचा आवाज हलका झाल्यासारखा वाटला. म्हणाले, मोतीभाऊ, तुम्ही बोलावलंत, बरं केलंत.

सोनगीरहून पितळी डबा आणला, चांगला जड. अनारशांचं पीठ कोकिळा करेल.

मोनालीला सांगितलं. तिने "बरं आबा" म्हटलं आणि तिकिटं मोजून पेटीत लावत बसली. बघा, काही त्रागा केला नाही. मी उगीच घाबरत होतो.

२८ मे, गुरुवार

पाऱ्याने कहर केलाय. दुपारी चिटपाखरू नसतं. मोनाली मागच्या बाकड्यावर पेटी उशाला घेऊन झोपली होती. झोपेतही पट्टा गळ्यातच. मी जवळ गेलो तर दचकून उठली आणि म्हणाली, गाडी सुटली का? म्हटलं, नाही, झोप.

जेवण कमी झालंय तिचं. अनारसे तळून झाले. त्यांना जाळी छान पडली आहे, पण घरात कुणी चाखून बघितलं नाही.

४ जून, गुरुवार

उखर्डूची पट्टी निघाली. मी त्याला म्हटलं, रविवारपासून तू पेटी घे. तो म्हणाला, माझे डोळे आता बरे झाले, तुझ्या डोळ्यांचं बघ. लई शहाणा.

झोप लागत नाही. मी काही वाईट करतोय का? पोरीचं घर मोडू नये एवढंच तर बघतोय. तिकडे गेल्यावर सारखं होईल. सारखं नाही झालं तर? हा प्रश्न मी कोकिळेला विचारला. ती म्हणाली, मला काय विचारता.

७ जून, रविवार

आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी अकराला ते आले. तोतारामनाना पांढऱ्या टोपीत, हितेंद्रराव इस्त्रीच्या शर्टात. मोनालीने दोघांना पाणी दिलं. पंगत मांडली. पुरणाचे धोंडे, आमरस, खीर. मी जावयांना आग्रह करत होतो, ते मानेने हो-नाही करत होते. मोनाली वाढत होती.

जावयांच्या वाटीतला आमरस संपला. मोनाली रसाचं पातेलं घेऊन त्यांच्या ताटासमोरच वाकलेली होती. इतकी जवळ की तिचा पदर ताटाला लागत होता. हितेंद्ररावांनी तिच्याकडे न बघता वडिलांना सांगितलं, "नाना, रस पाहिजे म्हणा." नानांनी मान खाली घातली आणि हळूच म्हणाले, बेटा, रस. मोनालीने पळी बुडवली. रस वाढला, आणि पातेलं घेऊन ती पुढे गेली.

मी जन्मभर आरशात मागचं बघत गाडी चालवली. माझ्या घरात, माझ्या पंगतीला, माझ्या लेकीला असं कुणी नाहीसं करत होतं, ते मला आज दिसलं. मी उठून हात धुतले. कोकिळेने माझ्याकडे पाहिलं, तिला कळलं असावं.

वाण दिलं. डबा, अनारसे, वर दिवा, सगळं रीतीप्रमाणे. हातांना करायचं ठाऊक होतं, ते करत होते. मोनालीच्या बॅगा ओट्यावर आणून ठेवलेल्या. पोतंही. मग नाना म्हणाले, मोतीभाऊ, तुमची गाडी तर दाखवा. बरं वाटलं, तेवढाच वेळ.

चिंचेखाली गाडी तापली होती. नाना आणि जावई दुसऱ्या बाकड्यावर बसले, कोकिळा बायकांच्या जागेवर. मी स्टेअरिंगवर बसलो. मोनालीने पेटीचा पट्टा गळ्यात घातला, आणि दर वेळी विचारते तसं विचारलं, कुठे जायचंय?

हितेंद्रराव खिडकीबाहेर बघत राहिले. नानाच म्हणाले, "भडगावना तीन दे, बेटा." हसूनच म्हणाले. लेकीला न्यायला आलेल्या माणसाने म्हणावं तसं.

चिमट्याचा आवाज झाला. एकदा. मग दुसऱ्यांदा. मी आरशातून बघत होतो. तिने दोन तिकिटं नानांच्या हातावर ठेवली आणि पेटी बंद केली.

"भडगावना दोनच शेत, नाना," ती म्हणाली.

नाना माझ्याकडे बघायला लागले. मी बाप, मी यजमान, गाडीही माझी. मी सांगायला हवं होतं, पोरी, असं करू नये, तिसरं फाड. तिने तिकडे जावं म्हणून तर हे सगळं मांडलं होतं. पण तिकीट कुणाला द्यायचं हे कंडक्टर ठरवतो, ड्रायव्हर नाही. एकतीस वर्षांत मी कधी त्यात तोंड घातलं नाही, आणि आज घालायची माझी छातीही झाली नाही.

मी गाडी काढली. सोनगीरचा किल्ला डावीकडे, नगाव, देवपूर, पांझरेचा पूल. एकेक गाव सांगत गेलो. फागण्याला थांबलो नाही. मुकटी गेली. पारोळ्याला किल्ल्यापाशी वळलो. इतका लांब रस्ता मी आयुष्यात चालवला नसेल. शेवटी ब्रेक दाबला, स्टेअरिंगवरचे हात काढले आणि मागे वळून म्हटलं, "भडगाव. भडगाववाला उतरा."

हितेंद्रराव आधी उतरले आणि सरळ त्यांच्या गाडीकडे चालू लागले. नाना मागून सावकाश उतरले. मी खाली जाऊन त्यांचे हात धरले. मला माफी मागायची होती, पण त्यांनीच मला थांबवलं. "गाडी तुम्ही बराबर आणी, मोतीभाऊ," ते म्हणाले. "मना पोऱ्यालेच बोलता येत नही." त्यांचे डोळे भरले होते. पितळी डबा त्यांनी परत द्यायला काढला, मी घेतला नाही. रीत ती रीत, आणि त्या माणसाचा काय दोष.

बॅगा कोकिळेने एकटीने आत नेल्या. मी पोतं नेलं.

८ जून, सोमवार

गावात कळलं आहेच. सकाळी दोघेतिघे उगीच मका बघायला आले आणि वाटेल ते विचारून गेले. त्यांना काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. पुढे काय, तेही माहीत नाही. कोर्ट, कागद, लोक, सगळं व्हायचं आहे. भीती वाटते. खोटं कशाला लिहू.

मोनालीने गाडी झाडली, बाकडी पुसली, शेळ्यांना पाणी ठेवलं. ऊन वर यायच्या आत मी तिच्या गळ्यातली पेटी काढून घेतली. तिला वाटलं, झालं, आता उखर्डूकाका. चेहरा पडला. मी म्हटलं, तू बस. खिडकीपाशी बस. ती बसली.

या गाडीत शेकडो माणसं येऊन गेली. वऱ्हाड, पाचोऱ्याचं जोडपं, शिरपूरचे बाबा, सगळ्यांना विचारून झालं. पेटी तिच्या गळ्यात होती म्हणून तिला विचारायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. मी चिमटा हातात घेतला. मला तो नीट धरताही येत नाही, ड्रायव्हरचे हात. तरी उभा राहिलो आणि विचारलं, "कोठे जानं शे, बाई?"

ती कितीतरी वेळ बाहेर बघत होती. मग माझ्याकडे तोंड करून बोलली.

"ते माले बी आजून माहीत नही, आबा. पण माले उतराले सांगू नका."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. म्हटलं, "बठ. गाडी आपलीच शे."